ओव्हर द्यायला कुणी नाही

गेल्या पावसाळ्यात रात्री अकराच्या सुमारास फोन वाजला. निवृत्त होऊन वर्ष उलटलं होतं, पण रात्रीच्या फोनला ताडकन उठून बसायची सवय काही निवृत्त होत नाही. पलीकडे आमच्याच रुग्णालयातली कंत्राटी मुलगी होती, लागून चारच महिने झालेली. "मॅडम, सात नंबरच्या आजोबांची युरिन बॅग संध्याकाळपासून रिकामी आहे. डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये आहेत. लॅसिक्स भरून ठेवू का?" लॅसिक्स म्हणजे लघवी होण्याचं इंजेक्शन. मी म्हटलं, "आधी नळी बघ. मांडीखाली दुमडली असेल." फोन तसाच चालू राहिला. वॉर्डातले खोकले, कुणाचं तरी कण्हणं, मावशींची बादली असं सगळं ओळखीचं ऐकू येत होतं. मग ती आली ती हसतच. "हो मॅडम. नळी सरळ केली तशी बॅग भरायला लागली."

ही मुलगी चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग झालेली. मी आपली तीन वर्षांच्या जीएनएम डिप्लोमावाली. मूत्रपिंडाची रचना, कॅथेटरचे नंबर, लॅसिक्सचा डोस हे सगळं तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. नळी दुमडते हे मात्र तिला कुणी दाखवलं नव्हतं, कारण त्या वॉर्डात दाखवायला कुणी उरलंच नव्हतं. चाळिसाच्या वर रुग्ण, ही एकटी आणि एक मावशी. इन्चार्ज सिस्टरांची जागा रिकामी, त्यांच्या खालच्या दोघींतली एक बाळंतपणाच्या रजेवर आणि एक प्रतिनियुक्तीवर, म्हणजे पद इथं आणि काम दुसरीकडे. पाळी संपताना पुढच्या सिस्टरला वॉर्डाची सगळी माहिती सोपवणं याला आम्ही 'ओव्हर देणं' म्हणतो. तो द्यायलाही तिथं कुणी नव्हतं.

परिचारिकांच्या तुटवड्याची चर्चा निघाली की आपल्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या असतात. आधी आकडा सांगायचा आणि मग नवी कॉलेजं जाहीर करायची. तीस-बत्तीस वर्षं वॉर्डात काढल्यावर माझं मत असं झालं आहे की नर्स घडवणं आणि नर्स टिकवणं हे दोन वेगळे प्रश्न नाहीतच. नर्सिंगचं शिक्षण निम्मं कॉलेजात होतं आणि निम्मं वॉर्डात, जुन्या सिस्टरच्या मागे मागे फिरून. ती जुनी सिस्टर टिकली नाही, तर कॉलेजं कितीही काढा, बाहेर पडतील त्या पदवीधर मुली. नर्स व्हायला त्यांना पुढं जी दोन-तीन वर्षं लागतात, ती वर्षं काढायची कुणाबरोबर?

माझी स्वतःची ती वर्षं १९९० साली सुरू झाली. सर्जिकल वॉर्डातली पहिली नाईट. आमच्या परिसेविका, म्हणजे वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर, बाई ठेंगण्या, कडक, तोंडानं फटकळ. रात्री दहाला त्यांनी बॅटरी घेतली आणि मला म्हणाल्या, "चल, पाय बघू." मला वाटलं थट्टा करताहेत. त्या प्रत्येक खाटेपाशी थांबायच्या, चादर वर करून रुग्णाच्या तळपायाला हात लावायच्या आणि पुढं जायच्या. चौदा नंबरपाशी मात्र रेंगाळल्या. माझा हात धरून त्या माणसाच्या अंगठ्यावर ठेवला. गार होता. नाडी पळत होती. चार्टवर संध्याकाळचं बीपी ठीक लिहिलेलं, ड्रेसिंग कोरडं ठाक. "पोरी, आत रक्त जातंय याचं," एवढं म्हणून त्यांनी डॉक्टरांना उठवायला माणूस पाठवला. त्या रात्री तो माणूस पुन्हा टेबलावर गेला आणि वाचला. चार्ट नंतर बघायचा, आधी पाय, हे माझ्या तीन वर्षांच्या कुठल्याच वहीत नव्हतं.

आता त्या आकड्यांकडे वळू. सरकारनं २०२२ च्या सुमारास संसदेत दिलेल्या उत्तरांत देशातल्या नोंदणीकृत परिचर्या कर्मचाऱ्यांची संख्या ३३ लाखांच्या वर सांगितली गेली आहे, म्हणजे हजार लोकसंख्येमागे १.९६. जागतिक आरोग्य संघटनेचा म्हणून जो दाखला दिला जातो तो हजारी ३. ऐकायला वाटतं की थोडंच अंतर आहे, दहा-बारा वर्षांत भरून निघेल. पण हा आकडा रजिस्टरमधला आहे. त्यात एएनएम, म्हणजे साहाय्यक परिचारिका-प्रसविका आहेत, सोडून गेलेल्या आहेत, लग्नानंतर घरी बसलेल्या आहेत, आखातात आणि आयर्लंडमध्ये असलेल्या आहेत. त्यात मीही आहे. मी आता सकाळी तुळशीला पाणी घालते आणि नातवाला शाळेत सोडते, तरी देशाच्या हजारी १.९६ मध्ये माझा वाटा अजून शाबूत असणार. नोंदणीतली नर्स आणि खाटेजवळ उभी असलेली नर्स यांतलं अंतर ज्या आकड्यातून कळेल तो आकडा आपण मागतच नाही.

खाटेजवळचा हिशेब साधा आहे, पण तो कुणी उलगडून सांगत नाही. अध्यापन रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी, असा जुना निकष आहे. लोकांना वाटतं, तीन रुग्णांना एक? मग तर चैनच आहे! पण ही एक परिचारिका चोवीस तास उभी राहत नाही. तीस खाटांना दहा परिचारिका धरल्या आणि त्या तीन पाळ्यांत वाटल्या, तर एका पाळीला तीन आल्या. म्हणजे निकष शंभर टक्के पाळला तरी एकीच्या वाट्याला नऊ-दहा रुग्ण. साप्ताहिक सुट्ट्या, आजारपण, बाळंतपण यांसाठी त्यावर तीस टक्के रजा राखीव पदं लागतात, तेव्हा कुठं त्या तीनच्या तीन राहतात. आता तीस खाटांच्या वॉर्डात जमिनीवर गाद्या टाकून पन्नास रुग्ण घ्या. मंजूर पदं जुन्या आकृतिबंधाप्रमाणे धरा, त्यातली बरीच रिक्त ठेवा, उरलेल्यांतल्या काहींना कार्यालयात बसवा. माझ्या त्या मुलीच्या रात्री वॉर्डात किती जणी होत्या ते वर सांगितलंच आहे.

याचा परिणाम कशात मोजायचा? नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन यांनी अमेरिकेतल्या रुग्णालयांचा केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका नर्सकडे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. २०१४ मध्ये त्यांच्याच गटानं युरोपातल्या नऊ देशांत हेच तपासलं. पुन्हा तेच, आणि त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट सापडली. रुग्णालयात पदवीधर नर्सेसचं प्रमाण दहा टक्क्यांनी वाढलं, तर मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी घटते. म्हणजे शिक्षण महत्त्वाचं आहेच, मी त्याच्या विरोधात नाही. पण एकाच अभ्यासात दोन्ही आकडे शेजारी शेजारी बसलेले आहेत. शिकलेली नर्स हवी आणि तिच्या हाताखाली आवाक्यातले रुग्ण हवेत. आपण पहिलं वाक्य वाचतो आणि पान उलटतो.

२०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात १५७ नवी नर्सिंग कॉलेजं जाहीर झाली. २०१४ नंतर निघालेल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या शेजारी ती काढायची, खर्च १,५७० कोटी रुपये, दरवर्षी सुमारे १५,७०० पदवीधर जास्तीचे. कल्पना वाईट नाही. सरकारी कॉलेज म्हणजे फी कमी, आणि ग्रामीण भागातल्या मुलीला ते परवडतं. पण ही नवी वैद्यकीय महाविद्यालयं म्हणजे बहुतेक ठिकाणी जुनं जिल्हा रुग्णालय. पाटी बदललेली, खाटा वाढलेल्या, परिचारिका होत्या तेवढ्याच. तिथं या शंभर शंभर मुली वॉर्डात उभ्या राहणार कुणाच्या शेजारी?

आत्ताच काय होतं ते जिल्ह्याच्या कुठल्याही सरकारी रुग्णालयात सकाळी नऊ वाजता जाऊन पाहा. आसपासच्या खासगी कॉलेजांच्या बसगाड्या येतात. वॉर्डात पाच रंगांचे गणवेश. एका म्हाताऱ्याचं बीपी सकाळभरात अकरा मुलींनी घेतलेलं मी स्वतः पाहिलं आहे. शेवटी तो वैतागून म्हणाला, "आता माझंच मला तोंडपाठ झालं, एकशे चाळीस नव्वद." दुपारी एकला बसगाड्या जातात. रात्री त्याच वॉर्डात एकही गणवेश नाही. कागदोपत्री मात्र सगळ्या जणींची क्लिनिकल पोस्टिंग झालेली. विद्यार्थिनीला ठरावीक संख्येनं प्रसूती स्वतः केल्याची नोंद वहीत लागते. एकाच बाळंतिणीचं एकच बाळ पाच वह्यांत जन्माला येतं आणि सही घ्यायला पाचही जणी माझ्यासमोर उभ्या राहतात. सुरुवातीला मी भांडायचे. नंतर सह्या केल्या. हे लिहिताना मला अभिमान वाटत नाही.

याचं टोक मध्य प्रदेशात दिसलं. तिथल्या उच्च न्यायालयाच्या आदेशावरून सीबीआयनं ३०८ नर्सिंग कॉलेजं तपासली. १६९ योग्य ठरली, ७३ मध्ये त्रुटी, ६६ अयोग्य. पुढं २०२४ च्या मे महिन्यात त्या तपासणीतल्याच सीबीआय अधिकाऱ्यांना लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक झाली आणि जी योग्य ठरली होती त्यांच्याबद्दलही शंका उभी राहिली. महाराष्ट्र म्हणजे मध्य प्रदेश नाही, हे मान्य. पण कॉलेजांची संख्या हेच यश मानलं की वाट तिकडंच जाते.

आता टिकण्याचं बोलू. एकाच कामाचे आपल्याकडे किती दर आहेत ते पाहा. नागपूरच्या एम्समध्ये नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून. राज्य शासनाच्या अधिपरिचारिकेचं, म्हणजे कायम स्टाफ नर्सचं, ३५,४०० पासून. त्याच वॉर्डात, त्याच पाळीला, राष्ट्रीय आरोग्य अभियानातून आलेल्या कंत्राटी स्टाफ नर्सला गेली कित्येक वर्षं जाहिरातीत दिसणारा आकडा २०,००० रुपये, तोही एकत्रित मानधन. शिवाय अकरा महिन्यांचा करार, मग खंड, मग पुन्हा ऑर्डर येईतो जीव टांगणीला. सलाईन तीच, सुई टोचून घेण्याचा धोका तोच. रुग्णाचा नातेवाईक अंगावर येतो तेव्हा तो आधी करार विचारत नाही.

खासगीतलं तर बोलायलाच नको, पण बोलायला हवं. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये केंद्राला समिती नेमायला सांगितलं. समितीनं म्हटलं, दोनशेहून जास्त खाटांच्या रुग्णालयात सरकारी नर्सएवढा पगार द्या, आणि पन्नासपेक्षा कमी खाटांच्या ठिकाणीही २०,००० च्या खाली जाऊ नका. केरळात नर्सेस रस्त्यावर उतरल्या, संप केले आणि २०१८ मध्ये तिथं किमान वेतनाची अधिसूचना निघाली. आपल्याकडे? तुमच्या गावातल्या नर्सिंग होममध्ये रात्री जी मुलगी तुम्हाला सलाईन लावते तिला तिचा पगार विचारून पाहा. खरं तर तिनं कुठला कोर्स केला आहे तेही विचारा. अनेक ठिकाणी उत्तर मिळेल, "कोर्स नाही केला, डॉक्टरांनीच शिकवलं." नर्सेसचा तुटवडा आहे असं म्हणणाऱ्या याच मंडळींना प्रशिक्षित नर्स महाग वाटते. कमतरतेचा काही भाग खरा आहे आणि काही भाग असा सोयीचा आहे.

आणि दोष कुणाच्या माथी येतो? ६ नोव्हेंबर २०२१ ला नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली, त्या दिवशी ११ रुग्ण गेले. तीन दिवसांत एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका अटकेत. वायरिंग कुणी केलं, अग्निसुरक्षेची कामं का रखडली, हे प्रश्न चौकशीच्या फायलीत गेले आणि पोलीस व्हॅनमध्ये बसल्या त्या सिस्टर. त्यांची चूक होती की नव्हती हे न्यायालय ठरवेल, मी नाही. पण त्या आठवड्यात आमच्या ड्युटी रूममध्ये चहाला कुणी बसलं नाही. माझ्याबरोबरच्या एकीच्या नवऱ्यानं तिला सरळ विचारलं, "उद्या तुझ्या वॉर्डात शॉर्ट सर्किट झालं तर मुलांना मी काय सांगू?" तिनं पुढच्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. सतरा वर्षांचा अनुभव होता, बालरोग विभागाचा. एक किलोच्या बाळाच्या हाताला पहिल्या फटक्यात शीर सापडायची तिला. तिची जागा रिक्त म्हणून यादीत एका ओळीनं वाढली, बस्स.

टिकण्याच्या गोष्टी नेहमी पगाराच्याच असतात असं नाही. १९७३ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिथल्याच परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर हल्ला झाला तेव्हा त्या ड्युटी संपवून तळघरात कपडे बदलत होत्या. पुढं ४२ वर्षं, २०१५ पर्यंत, केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळलं आणि त्याबद्दल सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं. कपडे बदलायला सुरक्षित खोली हवी, ही त्या घटनेतली सगळ्यात साधी गोष्ट. मी ज्या वॉर्डात शेवटची नऊ वर्षं होते तिथं आम्ही लिननच्या कपाटाचं दार उघडून त्याच्या आडोशाला कपडे बदलायचो. एक जण बाहेर उभी राहायची.

राहण्याचंही तसंच. रमाबाई रानड्यांच्या पुण्यातल्या सेवासदनानं शंभराहून अधिक वर्षांपूर्वी विधवा आणि गरजू बायकांना ससूनमध्ये परिचारिकेचं शिक्षण घ्यायला पाठवलं. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा म्हणून शिव्याशाप झाले. सेवासदननं नुसतं शिक्षण दिलं नाही, या बायकांसाठी वसतिगृहही चालवलं. राहायची अब्रूची जागा असल्याशिवाय बाई रात्रपाळी करणार नाही, हे त्यांना १९११ च्या सुमारास कळत होतं. आज तालुक्याच्या रुग्णालयात नेमणूक झालेली मुलगी एसटीनं तीस-चाळीस किलोमीटर ये-जा करते, कारण क्वार्टर गळतंय किंवा त्यात स्टोअर आहे. मूल झालं की पाळणाघराचा प्रश्न. रात्रपाळीच्या बाईच्या मुलाला रात्री कोण सांभाळणार, हा प्रश्न आरोग्य खात्यानं कधी स्वतःचा मानला असेल तर तो कागद मी पाहिलेला नाही. शेवटी मुलगी 'सोयीची' जागा शोधते. वॉर्डातून ओपीडी, ओपीडीतून कार्यालय.

आणि इथं मला आमच्याच लोकांबद्दलही बोललं पाहिजे. ही सोयीची जागा मिळवण्यात कायम नोकरीतल्या आम्ही मागे नव्हतो. आमदाराची चिठ्ठी, नवऱ्याची ओळख, खोटा पाठदुखीचा दाखला, सगळं पाहिलं आहे. प्रतिनियुक्तीवरच्या जुन्या सिस्टरचा पगार वॉर्डाच्या खात्यात पडत राहतो आणि तिच्या वाटणीची रात्र नवी कंत्राटी मुलगी काढते. मे २०२२ मध्ये राज्यातल्या परिचारिका बाह्यस्रोतातून होणाऱ्या कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या, तेव्हा मी त्यांच्या बाजूनं होते, आजही आहे. पण प्रतिनियुक्त्या रद्द करून आमच्या बायकांना वॉर्डात परत पाठवा, अशी मागणी आमच्या कुठल्या फलकावर मी वाचली नाही.

जी वॉर्डात टिकते तिचं काय होतं? वीस वर्षं अधिपरिचारिका. नशीब असेल तर परिसेविका. परिसेविका झाली की रुग्ण सुटतो आणि रजिस्टर हाती येतं. माझी शेवटची वर्षं चादरी मोजण्यात गेली. डेड स्टॉक रजिस्टर, इंडेंट, मोडक्या बीपी मशीनचा निर्लेखन प्रस्ताव. निवृत्तीच्या वेळी बारा ब्लँकेटांचा हिशेब लागेना म्हणून माझं ना-देय प्रमाणपत्र दीड महिना अडकलं होतं. ब्लँकेटं कोविडमध्ये गेली असणार, मृतदेहाबरोबर. पण रजिस्टरला कोविड कळत नाही. ज्या बाईला गार पडलेला अंगठा ओळखता येतो तिला ब्लँकेटं मोजायला बसवणं हा माझ्या मते तुटवड्याचाच एक प्रकार आहे, तो फक्त रिक्त पदांच्या यादीत दिसत नाही. दुसरीकडे एम.एस्सी. नर्सिंग झालेली हुशार मुलगी सरळ कॉलेजात शिकवायला जाते, कारण खाटेजवळ तिच्या पदवीला पदच नाही. म्हणजे जिला पुस्तक येतं ती रुग्णाजवळ नाही, आणि जिला रुग्ण येतो तिला शिकवायचा अधिकार नाही.

ही भिंत पाडता येते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नर्सिंगच्या शिक्षिका वॉर्डाच्या सेवेची जबाबदारीही घेतात. तिथं कॉलेज आणि वॉर्ड अशा दोन संस्था नसतात. महाराष्ट्रात सुरुवात करायची तर मी पैशांचा पहिला तुकडा नव्या इमारतीला देणार नाही. प्रत्येक मोठ्या वॉर्डात रात्रपाळीसकट एक 'शिकवणारी सिस्टर' असं पद तयार करावं. दहा वर्षांच्या वरचा खाटेजवळचा अनुभव, वेगळा भत्ता, चादरी-ब्लँकेटांचं रजिस्टर नाही. तिचं काम एकच, नव्या मुलीबरोबर पहिले सहा महिने फिरायचं. ते सहा महिने नव्या मुलीला एकटीला नाईट नाही. रजिस्टरांसाठी वॉर्ड क्लार्क नेमा, तो नर्सपेक्षा स्वस्त पडतो. आणि कॉलेजला विद्यार्थिसंख्या मंजूर करताना खाटा मोजता तशा त्या रुग्णालयातल्या प्रत्यक्ष हजर परिचारिका मोजा, प्रतिनियुक्तीवाल्या वगळून. हजर नर्स जेवढ्या, जागा त्या प्रमाणात. मग कॉलेजच रुग्णालयाच्या मागे लागेल की पदं भरा.

पैसे कुठून आणणार, असं कुणी विचारेल. रास्त प्रश्न आहे. पण सोडून जाणाऱ्या नर्सचाही खर्च असतो. तो कुठल्याच लेखाशीर्षात येत नाही, म्हणून फुकट वाटतो. मे २०२० मध्ये मुंबईत कोविडनं कहर केला तेव्हा आपल्या वैद्यकीय शिक्षण संचालकांना केरळच्या आरोग्यमंत्र्यांना पत्र लिहून ५० डॉक्टर आणि १०० नर्सेस मागाव्या लागल्या. कोविड रुग्णालयाच्या खाटा आपण मैदानावर दोन आठवड्यांत उभ्या केल्या. नर्स मात्र शेजाऱ्याकडे मागावी लागली, तेही अशा राज्याकडे ज्याच्या मुलींच्या जिवावर मुंबईतली खासगी रुग्णालयं वर्षानुवर्षं चालली. त्यांना मुंबईनं कसं वागवलं हेही आठवावं. २०११ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयातल्या तरुण मल्याळी नर्सनं जीव दिला. मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवल्याचा आरोप झाला आणि त्यातून नर्सेसच्या आंदोलनाची लाट उठली. बाँड लिहून घ्यायचा, कागद कपाटात ठेवायचे आणि याला मनुष्यबळ टिकवणं म्हणायचं.

म्हणून परदेशी जाणाऱ्या मुलींना अडवा असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी दहा हजार कुशल तरुण पाठवण्याचा करार केला, त्यात नर्सेसही आहेत. एकीकडे आपल्या वॉर्डात जागा रिकाम्या आणि दुसरीकडे सरकारच तिकीट काढून देणार, यावर उपरोध करणं सोपं आहे. पण जर्मनीला आपली मुलगी हवी आहे म्हणून ते तिला भाषा शिकवायला, घर शोधून द्यायला तयार आहेत. आपल्याला ती हवी आहे म्हणून आपण काय करतो? अकरा महिन्यांची ऑर्डर देतो.

अमेरिकेत १९८० च्या सुमारास नर्सेसचा असाच दुष्काळ होता. तिथल्या नर्सिंग अकादमीनं तेव्हा प्रश्न उलटा विचारला. नर्सेस का जातात हे सगळेच विचारत होते, यांनी त्या कुठं राहतात ते शोधलं. १६३ रुग्णालयं पाहिली, त्यातली ४१ अशी निघाली की दुष्काळातही तिथून नर्सेस हलत नव्हत्या. त्यांना 'मॅग्नेट' नाव पडलं. आतलं कारण मोठं गूढ नव्हतं. माणसं पुरेशी होती, वॉर्डाचे निर्णय नर्सेस घेत होत्या आणि नव्या मुलीला हाताशी धरणारं कुणीतरी होतं. आपल्याकडेही अशी रुग्णालयं आहेत. कोकणात एक ग्रामीण रुग्णालय मला माहीत आहे, जिथून बदली मागणारी सिस्टर दुर्मीळ. आरोग्य खात्यानं छत्तीस जिल्ह्यांत एवढं जरी शोधलं, की बदलीचे अर्ज कुठून सगळ्यात कमी येतात आणि का, तरी एका समितीचा खर्च वाचेल.

त्या मुलीचं सांगायचं राहिलं. ती मार्चमध्ये येऊन गेली. पेढे आणले होते. जर्मन भाषेची बी-वन परीक्षा पास झाली होती, तयारी केली तीही नाईटच्या ड्युटीनंतर दुपारी. आता बी-टू, मग व्हिसा. पगार वीस हजार, त्यातही ऑर्डरचं नूतनीकरण अडकलेलं, सासरचे म्हणाले जा. मी म्हटलं, "जा. पण ओव्हर कुणाला दिलास?"

"कुणाला देणार मॅडम? नवी मुलगी आली ती माझा शेवटचा दिवस झाल्यावर." मग थोडी लाजत म्हणाली, "एक केलं मी. वहीचं पान फाडून त्यावर लिहिलं आणि इंजेक्शनच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटपट्टीनं लावलं. ऑक्सिजनची चावी कुठं असते, रात्री कुठल्या डॉक्टरांना आधी फोन करायचा, असलं सगळं."

पहिल्या ओळीत काय लिहिलंस, मी विचारलं.

"युरिन आली नाही तर आधी नळी बघ."